चोवीस वर्षांनी कायमचा घरी आलो, पण अजून सुट्टीवर आल्यासारखेच वाटते

माणदेशी हवालदार यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका पलटणीतून आठ महिन्यांपूर्वी हवालदार या हुद्द्यावर निवृत्त झालो. एकोणिसाव्या वर्षी भरती होऊन बेळगावच्या केंद्रात गेलो आणि त्रेचाळिसाव्या वर्षी काळी पेटी घेऊन माण तालुक्यातल्या माझ्या गावी परतलो. सातारा जिल्ह्याला फौजी नवीन नाहीत. अपशिंग्यासारख्या गावाने पहिल्या महायुद्धातच ४६ माणसे गमावली होती आणि तिथली वर्दीची परंपरा आजही चालू आहे. त्यामुळे पेन्शनवर येणारा मी काही पहिला नाही, हे मला कळते. तरीही माझ्या मनात जे चालले आहे ते गावातल्या माजी सैनिकांना विचारण्याचे धाडस होत नाही, कारण पारावर भेटणारे सगळेच आपले उत्तम चालले असल्याचे सांगतात. म्हणून इथे विचारतो आहे.

आमच्याकडे फौजेत गेलेल्या प्रत्येकाला, त्याचा हुद्दा काहीही असो, लोक 'मेजर' म्हणतात. मी सुट्टीवर येऊन एस.टी.तून उतरलो की पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय मेजर, किती दिवस सुट्टी?" या वेळी मी "आता कायमचा आलो" असे सांगितले, तेव्हा लोक "बरे झाले" म्हणाले आणि पुढे काय बोलावे हे त्यांना सुचेना, मलाही सुचले नाही. घरातही तसेच झाले आहे. चोवीस वर्षे मी पाहुणा म्हणून येत होतो. आलो की मटण शिजायचे, मुलांना नवे कपडे यायचे आणि माझ्यासमोर कोणी कोणाला रागवायचे नाही. आता तो पाहुणचार संपला आहे, पण घरातला माणूस म्हणून माझी जागा कोणती, हे मला सापडत नाही. दूध डेअरीचा हिशेब, मुलाच्या अकरावीचा प्रवेश, आईचे औषधपाणी, विहिरीच्या मोटारीची दुरुस्ती हे सारे माझी पत्नी वर्षानुवर्षे एकटीने निभावत आली आहे आणि ती ते माझ्यापेक्षा चांगले करते. माझे कपडे अजून काळ्या पेटीतच आहेत. कपाटात जागा नाही, आणि ती मागायला जीभ उचलत नाही.

पहाटे साडेचारला जाग येते. पूर्वी त्यानंतरच्या प्रत्येक तासाला काही नाव असे. पीटी, परेड, वर्किंग, रोल कॉल. आता सहा वाजेपर्यंत माझी सगळी कामे उरकलेली असतात आणि समोर अख्खा दिवस उभा असतो. पहिल्या महिन्यात मी मुलांनाही पाचला उठवू लागलो, तेव्हा सतरा वर्षांचा मुलगा माझ्याशी बोलेनासा झाला. त्याचे वागणे मला अवज्ञा वाटले आणि माझा आवाज चढला. अंगणात माझी आई बसली होती. तिने फक्त इतकेच म्हटले, "हे तुझे शिपाई नाहीत."

नोकरीचेही सांगतो. गावातल्या एकाच्या ओळखीने पुण्यात एका सुरक्षा संस्थेत लागलो. एका मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकावर बारा तासांची ड्युटी होती, आठवड्याची सुट्टी नव्हती आणि पगार सांगितल्यापेक्षा कमी हातात आला. पहारा देण्यात मला कमीपणा वाटत नाही, मी आयुष्यभर पहाराच दिला आहे. परंतु तिथे माझे म्हणणे ऐकून घेणारा वरचा माणूसच कोणी नव्हता. पलटणीत जवानाची तक्रार दरबारात, म्हणजे कमांडिंग ऑफिसरसमोर भरणाऱ्या सभेत, उभी राहते, इथे ती कोणाकडे न्यायची हेच कळले नाही. दीड महिन्यात सोडून आलो.

शेवटचा प्रश्न पैशांचा. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग विकून मिळालेली रक्कम), ग्रुप इन्शुरन्स, शिल्लक रजेचे पैसे अशी सगळी रक्कम एकदम खात्यावर आली. आयुष्यात इतके पैसे मी एकत्र पाहिले नव्हते. धाकट्या भावाला ट्रॅक्टर घ्यायचा आहे, चुलत्यांना बोअर मारायची आहे, आणि तालुक्याच्या गावचा एक गृहस्थ महिन्याला तीन टक्के देण्याचे वचन देऊन दोनदा घरी येऊन गेला आहे. मी कोणाला होही म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही.

ज्यांनी हा काळ पाहिला आहे त्यांनी सांगावे की हे किती दिवस चालते, सरकारी परीक्षांच्या मागे लागावे की खासगी नोकरी शोधावी, आणि या पैशांचे काय करावे. दहावीनंतर माझे बाहेरचे शिक्षण झालेले नाही. शेवटची चार वर्षे मी कंपनीचा क्वार्टरमास्टर हवालदार, म्हणजे सामानसुमान सांभाळणारा, होतो. त्याआधी रायफल कंपनीतच.

पेन्शनर सुभेदार, कोल्हापूर यांचे उत्तर

हवालदार, राम राम. मला निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली आणि तुमचे पत्र वाचताना मला माझेच पहिले वर्ष दिसले. पारावर बसून सगळे उत्तम असल्याचे सांगणाऱ्यांत मीही होतो.

आधी पैशांचे बोलतो, कारण तिथे उशीर चालत नाही. महिन्याला तीन टक्के देणाऱ्या गृहस्थाला आजच्या आज स्पष्ट नकार द्या. निवृत्त होऊन कोण कधी येणार आणि त्याच्या खात्यावर किती जमा होणार, याची खबर ठेवणारी माणसे प्रत्येक तालुक्यात असतात. माझ्या ओळखीच्या एका नायकाने अशाच एका योजनेत सगळी रक्कम घातली, आठ महिने व्याज वेळेवर आले, त्या विश्वासावर त्याने मेहुण्याचेही पैसे त्यात घातले, आणि नवव्या महिन्यात कार्यालयाला कुलूप होते. भावाला आणि चुलत्यांना मात्र तोडू नका. "रक्कम एक वर्षासाठी मुदत ठेवीत अडकवली आहे" असे सांगा, आणि ते खोटे ठरू नये म्हणून खरोखरच राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा टपाल खात्यात तशी ठेव करा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत निवृत्त सैनिकाला ६० ऐवजी ५० व्या वर्षापासून खाते उघडता येते, पण तुम्हाला त्यासाठी अजून सात वर्षे आहेत. कोणी एजंट आजच ते खाते काढून देतो म्हणाला, तर तो माणूस पारखून घ्या.

कम्युटेशनबद्दल एक गोष्ट पुष्कळ जवानांना नीट माहीत नसते. आपल्याला मूळ पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकता येतो, आणि तो विकला की त्याची एकरकमी किंमत हातात येते व पंधरा वर्षे पेन्शन तेवढी कमी मिळते. पंधरा वर्षांनी ती पूर्ववत होते. महागाईची वाढ मात्र या काळातही पूर्ण मूळ पेन्शनवरच मिळते. म्हणजे आज तुमच्या खात्यावर असलेल्या रकमेचा मोठा भाग ही बक्षिसी नसून तुमचीच पुढच्या पंधरा वर्षांची पेन्शन आहे. मुलांची शिक्षणे, मुलीचे लग्न, घर हे सगळे याच पंधरा वर्षांत येणार आहे. ट्रॅक्टरला पैसे देण्यापूर्वी हा हिशेब भावासमोर मांडा. समजूतदार भाऊ असेल तर तो स्वतःच मागणी कमी करील.

आता कागदांचे. आजच पेटीतून डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) काढा व त्यावरचे पत्नीचे नाव आणि जन्मतारीख तिच्या आधार कार्डाशी ताडून पाहा. मुलांचीही पाहा. आपली लग्ने झाली तेव्हा पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या कुटुंबाची युनिटमधली नोंद) कोणीतरी क्लार्कने भरली, कुठे माहेरचे नाव राहिले, कुठे जन्मतारखेच्या जागी अंदाजे वर्ष पडले, आणि आपण जिवंत असेपर्यंत ती चूक कोणाला दिसत नाही. माझ्या पलटणीतला एक सहकारी हृदयविकाराने गेला, आणि त्याच्या पत्नीला केवळ नावातल्या फरकामुळे कुटुंब निवृत्तिवेतनासाठी चौदा महिने हेलपाटे घालावे लागले. तो असता तर हेच काम एका अर्जाने झाले असते. फरक असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. 'स्पर्श' या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत तुमचा चालू मोबाइल क्रमांक नोंदवलेला आहे ना, हे पाहा, पासवर्ड पत्नीलाही सांगून ठेवा, आणि दरवर्षी हयातीचा दाखला चुकवू नका. वन रँक वन पेन्शन (सारखा हुद्दा व सारखी सेवा असलेल्यांना सारखी पेन्शन) १ जुलै २०१४ पासून लागू झाली आणि तिची दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती होते. त्या वेळी आपला हुद्दा, गट आणि सेवेची वर्षे बरोबर धरली आहेत की नाहीत, हे स्वतः तपासायचे असते.

राहिला तुमचा खरा प्रश्न, हे किती दिवस चालते. मला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांतली माझी चूक सांगतो. आमचा बांधावरून भाऊबंदांशी जुना वाद होता. मी तलाठी कार्यालयात गेलो ते पलटणीच्या ऑफिसात जावे तसा गेलो. कागद दिला, म्हणणे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी कारवाई होईल असे धरून चाललो. पुढच्या तारखा पडू लागल्या तशी माझी चिडचिड वाढली, मी तिथे आवाज चढवला, आणि जे काम तीन महिन्यांत झाले असते ते दीड वर्ष रेंगाळले. आपल्याला सवय असते की हुकूम सुटला की काम झालेच पाहिजे, आणि न झाल्यास कोणीतरी जबाबदार असतो. बाहेर तसे नाही. इथे माणसाला भेटावे लागते, चार गोष्टी बोलाव्या लागतात, पुन्हा जावे लागते. मोजणीचा दिवस ठरला तेव्हा मी चुलतभावाच्या घरी चहाला गेलो. वाद मिटला नाही, पण आरडाओरडा थांबला.

मला आधार मिळाला तो पहाटेच्या वेळेचा. आमच्या गावची भरतीला जाणारी पोरे डांबरी रस्त्यावर कशीही पळत असत. मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. सोळाशे मीटर कसे पळावे, बीम (आडव्या दांड्यावरचे पुलअप) कसे काढावेत, कागदपत्रे कशी लावावीत, हे सांगू लागलो. साडेचारला येणारी जाग अशी कामाला लागली आणि माझी मुले सुखाने सातपर्यंत झोपू लागली.

एका फौजीची पत्नी, फलटण यांचे उत्तर

भाऊ, तुम्ही पत्नीविषयी आदराने लिहिलेत, म्हणून मी लिहिण्याचे धाडस करते आहे. आमच्या घरी हे सहा वर्षांपूर्वी झाले.

मी मुलांच्या शाळेसाठी फलटणला खोली घेऊन राहत होते. सासूबाई गावी, नवरा सीमेवर, आणि मी दोन्हीकडे. सतरा वर्षांत मी घर चालवण्याची माझी एक पद्धत बसवली होती. हे निवृत्त होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात यांनी किराण्याचे दुकान बदलले, डबे तारखा लिहून मांडले, आणि मुलीला संध्याकाळी सातनंतर शिकवणीला जायचे नाही असे सांगितले. त्यांना मदतच करायची होती, हे मला आज कळते. त्या वेळी मात्र माझ्या घराची तपासणी चालली आहे असे मला वाटत होते. मी भांडले नाही. मी गप्प झाले, आणि ते भांडणापेक्षा वाईट होते, कारण माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी असा घेतला की मला ते घरात नकोच आहेत.

आमचे सावरले ते एका साध्या गोष्टीने. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. त्यांना ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात साताऱ्याला न्यायचे, तिथून मोठ्या रुग्णालयासाठी शिफारसपत्र घ्यायचे, औषधे आणायची, रोज गोळ्या द्यायच्या, हे सगळे काम यांनी आपल्याकडे घेतले. मी त्यात लक्ष घातले नाही. पहिल्या महिन्यात एकदा गोळ्या संपल्या, तरीही मी बोलले नाही. हळूहळू आई औषधासाठी माझ्याऐवजी त्यांना हाक मारू लागल्या, आणि मला आठवते, त्या हाकेने त्यांचा चेहरा बदलला होता. तुमच्या आईंचे औषधपाणी पत्नी बघते असे तुम्ही लिहिले आहे. ते तुम्ही घ्या. सगळे घर हाती घेऊ नका, एकच काम घ्या आणि ते पूर्ण तुमचे होऊ द्या. कपाटाचे मात्र तिला आजच विचारा. मी पैजेवर सांगते, तीसुद्धा तुम्ही कधी मागता याची वाट पाहत असेल. पेटीतून रोज कपडे काढणारा माणूस उद्या निघून जाईल असे तिलाही वाटत असणार.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, आणि तुमच्या घरी ती नसेल तर उत्तमच. आमच्या घरी कॅन्टीनच्या दारूच्या बाटलीने फार त्रास दिला. पलटणीत घेतली तरी सकाळी पीटीला उभे राहायचे असते, त्यामुळे मापात राहते. घरी सकाळी कोणी उभे करत नाही. दिवस रिकामा, संध्याकाळी चार माजी सैनिक एकत्र, आणि जुन्या पोस्टिंगच्या आठवणी. सहा महिन्यांत आठवड्यातून एकदाचे रोजचे झाले. त्यातच झोप उडाली, रात्री दचकून उठू लागले. कोणालाही सांगायचे नाही असा यांचा हट्ट होता. शेवटी मी ईसीएचएसमधल्या डॉक्टरीणबाईंना एकटीने जाऊन भेटले, आणि त्यांनी यांना इतक्या साधेपणाने मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले की जणू डोळे तपासायला पाठवत आहेत. उपचार वर्षभर चालले. आता सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येते, आणि पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात फौजींसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. हे मी आवर्जून लिहिते, कारण वाचणाऱ्यांत माझ्यासारख्या बायकाही असतील, आणि फोन आपणही करू शकतो.

दुसरी वर्दी, सोलापूर यांचे उत्तर

मी सैन्याच्या सिग्नल्स (संदेशवहन) विभागातून निवृत्त झालो आणि आता एका सरकारी बँकेत लिपिक आहे, म्हणून परीक्षांचे सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे तुमचे वय गेलेले नाही. माजी सैनिकाच्या वयातून त्याची सेवेची वर्षे आणि आणखी तीन वर्षे वजा केली जातात. बँकांच्या लिपिक भरतीत त्यावर ५० वर्षांची कमाल मर्यादा आहे. तुमच्या ४३ मधून २४ आणि ३ काढले की हिशेबाला १६ च उरतात. दुसरी गोष्ट, पदवी नसल्याने अडत नाही. दहावी किंवा आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन असलेल्या आणि पंधरा वर्षांची सेवा झालेल्या सैनिकाला केंद्राच्या गट क मधील पदवी मागणाऱ्या, पण तांत्रिक नसलेल्या राखीव पदांसाठी पात्र धरतात. हे प्रमाणपत्र पलटणीतून मिळाले नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला लिहून मागवा.

केंद्र सरकारच्या गट क मध्ये १० टक्के आणि पूर्वीच्या गट ड मध्ये २० टक्के, सरकारी बँकांत लिपिकांसाठी १४.५ आणि शिपाई वर्गासाठी २४.५ टक्के, तर महाराष्ट्र शासनाच्या गट क व ड पदांत १५ टक्के समांतर (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतले) आरक्षण माजी सैनिकांना आहे. जागा असतात, पण त्या भरल्या जात नाहीत, कारण आपल्यापैकी फार थोडे जण अभ्यास करून किमान गुणांपर्यंत पोहोचतात. मला पहिल्या प्रयत्नात गणितात अपयश आले. मी मुलीच्या सातवीच्या पुस्तकापासून पुन्हा सुरुवात केली. टक्केवारी, सरासरी, काळ-काम-वेग. चौदा महिने रोज पाच तास दिले, तेव्हा तिसऱ्या प्रयत्नात निवड झाली. नोकरी लागल्यावर पेन्शन बंद होत नाही, तिची चिंता करू नका.

एका नियमाकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण त्यात माझ्या दोन मित्रांचे नुकसान झाले. केंद्राच्या नियमानुसार माजी सैनिक म्हणून आरक्षण घेऊन तुम्ही एकदा सरकारी नोकरीत रुजू झालात की पुढच्या नोकरीसाठी ते आरक्षण संपते. परंतु २०१४ च्या आदेशाने एक वाट ठेवली आहे. पहिल्या नोकरीत रुजू होण्यापूर्वीच तुम्ही इतर ठिकाणी अर्ज केलेले असतील, आणि रुजू होताच त्या सगळ्या अर्जांची तारीखवार यादी स्वयंघोषणेसह कार्यालयाला दिली असेल, तर त्या अर्जांपुरता हक्क राहतो. यादी दिल्याची पोच घ्या. खासगी नोकरीने हा हक्क जात नाही, म्हणून अभ्यासाच्या काळात चाकणची किंवा पुण्याची नोकरी धरायला हरकत नाही.

साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात रोजगारासाठी नाव नोंदवले नसेल तर लगेच नोंदवा. तिथेच मुलाच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीचेही विचारा. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आणि गुण ६० टक्क्यांवर असतील, तर मुलाला दरमहा २,५०० आणि मुलीला ३,००० रुपये मिळतात. आत्तापासून लक्षात असले म्हणजे प्रवेशाच्या वेळी धावपळ होत नाही.

भांडार व्यवस्थापक, चाकण यांचे उत्तर

मी फौजी नाही. चाकणला वाहनांचे सुटे भाग ठेवणाऱ्या एका मोठ्या गोदामाचे काम पाहतो आणि गेल्या नऊ वर्षांत बऱ्याच माजी सैनिकांच्या मुलाखती घेतल्या आहेत. हवालदारसाहेब, तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही सर्वांत शेवटी, जाता जाता लिहिले आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे तेच आहे. तुम्ही चार वर्षे कंपनीचे क्वार्टरमास्टर हवालदार होता.

माझ्या माहितीप्रमाणे रायफल कंपनीत सुमारे १२० माणसे असतात. त्यांचे कपडे, शिधा, तंबू, भांडी, साधने यांची आवक-जावक, खातेवही, बाद मालाची नोंद, तपासणीच्या वेळी एक-एक वस्तू दाखवण्याची जबाबदारी, आणि युनिट हलले की हे सगळे रेल्वेने दुसऱ्या राज्यात नेऊन एकही नग न हरवता पुन्हा मांडणे, हे तुम्ही केलेले आहे. माझ्या गोदामात साठा मोजताना दर वेळी तफावत निघते आणि ती शोधण्यात आमचे दोन दिवस जातात. तुमच्यासारख्या माणसाची मला गरज आहे, पण तुमचा अर्ज माझ्यापर्यंत आला तर त्यावर काय लिहिलेले असेल? 'पायदळ, २४ वर्षे, हवालदार, शिस्तप्रिय.' तो अर्ज वाचून मनुष्यबळ विभागातला मुलगा तुम्हाला फाटकावरच्या कामाला पाठवील, आणि त्याचा दोष फार नाही, कारण हुद्द्याचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो.

म्हणून अर्जात हुद्द्याबरोबर काम लिहा. किती माणसांसाठी, किती प्रकारच्या वस्तू, किती वर्षे, तपासणीत काय शेरा मिळाला, किती वेळा संपूर्ण साठा एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवला. शस्त्रे, ठिकाणे, मोहिमा यांचा तपशील लिहू नका, त्याची गरज नाही आणि तो लिहिणे योग्यही नाही. संगणकावर साठ्याच्या नोंदी आणि एक्सेल इतके तीन महिन्यांत शिकून घ्या. पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम निवृत्तीपूर्वीच्या काळात जवानांना मिळतात आणि त्यांत साठा व्यवस्थापनाचाही असतो. तुमचा कोणता झाला असेल तर त्याचे प्रमाणपत्र जोडा.

मुलाखतीबद्दल एक सांगावेसे वाटते. माजी सैनिक समोर बसले की ताठ बसतात, विचारले तेवढेच बोलतात, आणि पगाराचा विषय निघाला की "आपण द्याल ते" म्हणतात. यामुळे त्यांचे नुकसान होते. सैन्यात वेतन ठरलेले असते, इथे ते बोलून ठरवायचे असते. ते बोलणे उद्धटपणाचे मानले जात नाही. ड्युटीचे तास, साप्ताहिक सुट्टी, भविष्यनिर्वाह निधी हे सगळे रुजू होण्याआधी लेखी मागा. तुम्ही आधीच्या ठिकाणी ते मागितले नसावे, असे मला वाटते. आमच्याकडे लागलेल्या एका माजी नायब सुभेदारांना पहिले वर्ष जड गेले, कारण त्यांचा वरिष्ठ २७ वर्षांचा होता आणि चूक दिसली तरी हे त्याला सांगत नसत. त्याने एकदा त्यांना बाजूला घेऊन विचारले, तेव्हा ते म्हणाले की वरिष्ठाला इतरांसमोर चूक सांगायची नसते. मग रोज सकाळी दहा मिनिटे दोघांनीच बसायचे त्यांनी ठरवले. आज त्यांच्या विभागात तफावत सर्वांत कमी निघते.

अग्निवीराचा बाप, जत यांची विचारणा

मूळ प्रश्नाला धरूनच विचारतो. माझा मुलगा अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेला. चार वर्षांनी त्यांच्यापैकी २५ टक्क्यांपर्यंतच जवान कायम होणार. तो राहिला नाही तर सेवा निधीचे साधारण ११.७१ लाख रुपये घेऊन तेविसाव्या वर्षी घरी येईल. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. वर तुम्ही सगळ्यांनी जे सांगितले त्यातले त्याला काय लागू पडते?

पेन्शनर सुभेदार, कोल्हापूर यांचे उत्तर

दादा, आरक्षण आणि वयाची सवलत याबद्दल वर जे नियम आले ते माजी सैनिकांचे आहेत, ते जसेच्या तसे त्याला लागू होणार नाहीत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये अग्निवीरांसाठी वेगळ्या राखीव जागा व वयात सूट जाहीर झालेली आहे, त्यांच्या जाहिरातींवर आत्तापासून लक्ष ठेवा. इग्नूच्या पदवीची सोय अग्निवीरांसाठी केलेली आहे. त्याने नाव घातले आहे का, हे पुढच्या फोनवर विचारा, आणि घातले नसेल तर घालायला लावा. पैशांबाबत मात्र माझे सगळे शब्द त्याला दुप्पट लागू आहेत, कारण आमच्यामागे दरमहा पेन्शन होती. त्या रकमेतून घर बांधू नका, गाडी घेऊ नका. आणि तो परत आलाच, तर 'तुला का ठेवले नाही' असे गावात कोणी विचारील. तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारी उभे असा. हा प्रश्न आमच्या वाट्याला कधी आला नाही.

माणदेशी हवालदार यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस काही लिहिले नाही, कारण सुभेदारसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे कागद काढून बसलो होतो. पीपीओवर पत्नीचे नाव बरोबर आहे, पण जन्मतारीख आधार कार्डापेक्षा दोन वर्षांनी वेगळी आहे, आणि मुलीचे नाव एका अक्षराने चुकलेले आहे. चार वर्षे कंपनीच्या खातेवह्या तपासल्या आणि स्वतःची ही नोंद कधी पाहिली नाही, याचे फार वाईट वाटले. सोमवारी आम्ही दोघे साताऱ्याला सैनिक कल्याण कार्यालयात जाणार आहोत. पत्नीला बरोबर नेणार, म्हणजे तिलाही ते ठिकाण आणि तिथली माणसे माहीत होतील. त्याच फेरीत आईला दवाखान्यातही दाखवून आणतो. तिच्या गोळ्यांचा डबा कालपासून माझ्याकडे आहे.

तीन टक्केवाल्या गृहस्थांना फोन करून नकार दिला. भावाशी बोलणे अजून झालेले नाही, ते मला जड जाते आहे. सुगीनंतर बसू असे त्याला सांगितले आहे.

फलटणच्या ताईंना सांगतो की कपाटाचे मी विचारले. पत्नी काही बोलली नाही, तिने मधला कप्पा रिकामा करून दिला आणि पेटी माळ्यावर ठेवायला मुलाला हाक मारली. पेटी वर चढवताना मुलगा आठवड्यानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला, "यात एवढे जड काय आहे" म्हणून.

चाकणच्या साहेबांना एक विचारायचे आहे. युनिट हलताना साठा नेल्याचे मी तीन वेळा केले आहे, आणि तपासणीचे शेरे माझ्याकडे लेखी नाहीत, ते युनिटच्या दप्तरात राहिले. अशा वेळी अर्जात काय लिहावे, की माझ्या तेव्हाच्या क्वार्टरमास्टर साहेबांकडून पत्र मागवावे?